आधी लेबल, वेबसाइट नंतर

लालबागचा मसाला दुबईला आणि जर्मनीला पाठवताय, झकास! पण पाच भाषांत वेबसाइट करायच्या फंदात आत्ताच पडू नका. आधी लेबल. दुबईला ते अरबीत लागतं, जर्मनीला जर्मनमध्ये. युरोपीय संघाच्या यादीत अ‍ॅलर्जीचे १४ घटक आहेत. आपले तीळ, मोहरी, शेंगदाणे तिन्ही त्यात बसतात. घटकांमध्ये ही नावं उठून दिसावी लागतात, ठळक अक्षरात वगैरे. गोड्या मसाल्यात तीळ असतातच, तेव्हा इथे चूक परवडत नाही.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- मोबाइलवरचं फुकटचं भाषांतर थेट छापखान्यात. मीही केलंय. वर अरबी अक्षरं सुटी नि उलट्या क्रमाने छापली गेली, सगळी पाकिटं रद्दीत! ती लिपी उजवीकडून डावीकडे, जोडून लिहितात. जुन्या सॉफ्टवेअरला झेपत नाही. छपाईआधी शेवटची पीडीएफ अरबी वाचणाऱ्याला दाखवाच.
- इंग्रजी मजकूर ठासून भरणं. जर्मन शब्द लांबलचक, जागा मोकळी सोडा.

भाषांतरकार त्या भाषेत वाढलेलाच घ्या. आणि ‘गोडा’ हे नाव तसंच ठेवून खाली एक ओळ लिहा, नाहीतर गिऱ्हाईक त्यात साखर शोधत बसेल.