वॉर्डात तू कोणाच्या बाजूने?

प्रिय,

परवा फोनवर तू दोन प्रश्न विचारलेस. मनोरुग्णालयात जाऊन पेशंटची वकिली करायचं, मोफत वकील पुरवणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाचं काम घ्यावं का, याला मी तिथल्या तिथे हो म्हटलं. दुसरा प्रश्न घाईत उत्तर देण्यासारखा नव्हता. डॉक्टर सांगतात आजार आहे, घरचे सांगतात आमचे हाल झालेत, पेशंट म्हणतो मला बाहेर काढा. मग आपण कोणाचं ऐकायचं?

पेशंटचं. बाकीच्यांचंही ऐकून घ्यायचं, पण काम पेशंटचं करायचं. मुरलेल्या वकिलांनाही हे तिथे जमत नाही, कारण अशा माणसाचं हित त्याच्यापेक्षा आपल्यालाच जास्त कळतं, ही समजूत आपल्या सगळ्यांच्या मनात घट्ट बसलेली आहे. वॉर्डात हित बघणारी माणसं भरपूर असतात. डॉक्टर बघतात, सिस्टर बघतात, भाऊ-वहिनी बघतात. त्याला स्वतःला काय हवंय हे विचारून ते कायद्याच्या भाषेत मांडणारं मात्र कोणी नसतं. ती जागा रिकामी आहे म्हणून तर तुला पाठवतायत. तूही तिथे जाऊन हितच बघत बसणार असशील, तर बसभाडं खर्च करू नकोस.

कायदा तू वाचशीलच, पण कुठून सुरुवात करायची ते सांगते. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. वाचताना कलम ४ आधी वाच. माहिती समजत असेल, किंवा निर्णयाचे परिणाम उमगत असतील, किंवा बोलून वा खुणेने का होईना तो निर्णय सांगता येत असेल, तर त्या माणसाला उपचारांबद्दल ठरवण्याची क्षमता आहे, असं ते कलम मानतं. आणि त्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला क्षमता नाही असं ठरत नाही. हे वाक्य पाठच कर. मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळापुढे, म्हणजे अशा भरत्यांवरचे अर्ज ऐकणाऱ्या मंडळापुढे, ते पुन्हा पुन्हा म्हणावं लागेल.

मग कलम ८९. घरच्यांनी आणून दाखल केलं, पेशंटची तयारी नव्हती, अशा बहुतेक भरत्या याखाली होतात. त्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे उपचारांच्या निर्णयात पेशंटला आधार देणाऱ्या माणसाचा, अर्ज लागतो. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक, दोघांनी स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं, तेही भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत. स्वतःला इजा, दुसऱ्याला इजा किंवा धाक, किंवा स्वतःची काळजी घेता न आल्याने धोका, यांतलं काहीतरी दोघांनाही दिसायला हवं. शिवाय यापेक्षा कमी बंधनाचा दुसरा मार्ग नाही, असं प्रमाणपत्र हवं. मुदत जास्तीत जास्त तीस दिवस. त्यापुढे ठेवायचं तर कलम ९०, तिथे दोन मानसोपचारतज्ज्ञ आणि मंडळाची परवानगी लागते. सुट्टी देऊन सात दिवसांच्या आत परत आणलं तरी ९० च लागतं. रुग्णालयाने बाई किंवा अल्पवयीन मूल असेल तर तीन दिवसांत आणि इतरांचं सात दिवसांत मंडळाला कळवायचं असतं. म्हणून केसपेपर हातात आला की आधी तारखा बघ, निदान नंतर.

कलमाचा आकडाही बघ. कागदावर 'स्वतंत्र रुग्ण' लिहिलेलं असतं, म्हणजे माणूस स्वतःच्या सहीने दाखल झालेला, आणि तोच सांगतो, "मी जातो म्हटलं तर सोडत नाहीत." अशा माणसाला तपासणीसाठी फार तर चोवीस तास थांबवता येतं. तेवढ्यात एकतर सोडा, नाहीतर ८९ च्या सगळ्या अटी पूर्ण करा. सही कोणी आणि कशी घेतली, हे त्याला शांतपणे विचार.

आता पहिली भेट. सिस्टरच्या टेबलाशी उभं राहून बोलू नकोस. तिथे सगळे पेशंट सिस्टरकडे बघत उत्तर देतात. स्टूल घेऊन पलंगाशी बस आणि बोलणं कोणाच्या कानावर पडणार नाही एवढं अंतर मागून घे. वकिलाची भेट आणि फोन यांवर रुग्णालयाला बंधन घालता येत नाही, कलम २६ मध्ये ते स्पष्ट आहे. वॉर्डातल्यांशी भांडायची गरज सहसा पडत नाही. कलम सांगितलं की बहुतेक वेळा खुर्चीसुद्धा मिळते.

औषधांमुळे बोलणं संथ होतं, तोंड कोरडं पडतं, हात थरथरतात. एका प्रश्नाला उत्तर यायला मिनिटभर लागलं, तर ते मिनिट थांब. बरेच वकील तेवढ्यात स्वतःच उत्तर देऊन टाकतात आणि मग कागदावर वकिलाचंच म्हणणं उतरतं. झोपेच्या गोळीनंतरची सकाळ टाळ, दुपारी जा. आणि तू कोण ते आधी सांग. डॉक्टर नाही, रुग्णालयाची नाही, घरच्यांनी पाठवलेली नाही, पैसे घेणार नाही. कलम २७ खाली त्याला मोफत वकील मिळतो, आणि ते त्याला सांगणं रुग्णालयाच्या प्रमुखाचं कर्तव्य आहे. प्रत्यक्षात बहुतेकांना ते पहिल्यांदा तुझ्याच तोंडून कळेल. मनोरुग्णालयात असलेल्याला विधी सेवेसाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, तेव्हा तो मागण्यात वेळ घालवू नकोस.

पहिल्याच भेटीत आणखी एक सांगून ठेव: "तुम्ही सांगाल ते मी कोणाला सांगणार नाही, पण कोणाच्या जिवावर बेतणारं असेल तर गप्प बसणार नाही." आधी सांगितलेलं लोकांना पटतं. नंतर कळलं तर पुन्हा कोणी तोंड उघडत नाही.

सगळ्यांना घरी जायचं असतं, असं समजून जाऊ नकोस. एका बाईंना मी मंडळाकडे अर्ज करता येतो, तो कसा करायचा, हे सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते राहू द्या. माझा चष्मा द्यायला सांगा." फोडतील म्हणून भरतीच्या वेळी काढून घेतला होता. चष्मा नसल्यामुळे त्यांना कुठलाही कागद वाचता येत नव्हता, आणि त्यातल्या दोन कागदांवर त्यांची सही होती. समजेल अशा भाषेत आणि रूपात माहिती मिळण्याचा कलम २२ चा हक्क तिथे एका चष्म्यापाशी अडला होता. तो मिळाल्यावर आठवड्याने त्यांनीच अर्ज करायला सांगितलं.

लहान मागण्यांना लहान समजू नकोस. स्वतःचे कपडे घालायला मिळणं, सक्तीने केस न भादरणं, एकांत, काम करून घेतलं तर त्याचा मोबदला, हे कलम २० मध्ये लिहिलेलं आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीत मनोरुग्णांना ठेवायच्या एका खासगी जागेला आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं होरपळून गेली. साखळदंड आता कलम ९५ खाली पूर्ण बंद आहेत, आणि भूल दिल्याशिवाय विजेचे झटकेही. तरी वॉर्डात फिरताना मनगटं आणि घोटे बघत जा. एखादा वळ दिसला तर विचार: बांधलं होतं का, कधी, कोणाच्या सांगण्यावरून, नोंद कुठे आहे?

भरती झाली म्हणजे औषधांबद्दल बोलायचा अधिकार संपला, असंही नाही. ८९ खाली असलेल्या माणसाला समजावून, त्याची संमती घेऊनच उपचार करायचे असतात. त्यासाठी लागेल तेवढा आधार प्रतिनिधीने द्यायचा. अगदीच समजत नसेल तर प्रतिनिधी तात्पुरती संमती देतो आणि दर सात दिवसांनी क्षमता पुन्हा तपासायची असते. ती तपासल्याची नोंद मागच. मागितली की ती होऊ लागते.

हा प्रतिनिधी पेशंटला स्वतः नेमता येतो आणि बदलताही येतो. न नेमल्यास नातेवाईक आपोआप प्रतिनिधी होतात. नवऱ्याने दाखल केलं, नवराच प्रतिनिधी, आणि घटस्फोटाचा दावाही त्याचाच, अशा केसेस तुझ्याकडे येतील. अशा वेळी बाईंना विचार, "तुमच्या वतीने कोणी बोलावं असं वाटतं?" बहीण म्हणाल्या तर साध्या कागदावर तसं लिहून घे, बहिणीची लेखी संमती घे. कौटुंबिक न्यायालयात आजाराचा पुरावा पुढे आला आणि तुम्ही तो नाकारलात, तर कलम १०५ खाली न्यायालयाने तो तपासायला मंडळाकडे पाठवायचा असतो. आपल्याच क्षेत्रातल्या अनेकांना हे कलम माहीत नाही.

तू मला विचारलं नाहीस, पण विचारशील असं एक सांगते. माणूस म्हणाला, "शेजारी भिंतीतून वीज सोडतात, म्हणून मी त्यांच्या दारावर काठी मारली, हे अर्जात लिहा." तर काय करायचं? आपला हात लगेच ते वाक्य गाळायला जातो. गाळू नकोस, आणि त्याला न विचारता लिहूही नकोस. त्याला सरळ सांग: मंडळात न्यायिक अधिकारी असतात, मानसोपचारतज्ज्ञ असतात, हे वाचून ते बहुधा असा अर्थ काढतील. ठेवायचं की काढायचं हे तो ठरवील. तो म्हणाला ठेवा, तर त्याच्या शब्दांत ठेव. शिवाय विजेची गोष्ट सांगणाऱ्यालाच भरती कोणत्या तारखेला झाली, डॉक्टर किती वेळ बोलले, दुसऱ्याने तपासलं की नुसती सही केली, हेही नीट आठवत असतं. अर्जाला जोर त्यामुळेच येतो.

घरच्यांशी कडक वागू नकोस. रात्र रात्र जागलेली, मार खाल्लेली, कर्ज काढलेली माणसं असतात ती. त्यांनाही कायद्यात मागण्यासारखं बरंच आहे, ते कुठे मागायचं हे जरूर सांग. पण "मॅडम, तुम्हीच समजवा त्याला, राहू दे अजून महिनाभर," असं कोणी म्हणालं की तिथे थांबायचं. ते समजावण्याचं काम तुझं नाही. रुग्णालयाच्या अधीक्षकांचा चहाही सुनावणीच्या दिवशी घेऊ नये, असं माझं मत आहे. लोक मला विक्षिप्त म्हणतात. पेशंट खिडकीतून बघत असतो.

अर्जाला फी नाही. साध्या कागदावर चालतो. खास परिस्थितीत तोंडी किंवा फोनवरूनही मंडळ घेऊ शकतं. ८९ च्या भरतीला आव्हान असेल तर मंडळाने सात दिवसांत निर्णय द्यायचा असतो. आपल्याकडे मंडळं उभी राहायलाच वर्षं गेली आणि बैठकी वेळेवर होतीलच असं नाही, म्हणून पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस. पोचेवर तारीख, वेळ, शिक्का. तीस दिवसांच्या भरतीत अठ्ठाविसाव्या दिवशी लागलेली सुनावणी म्हणजे न लागलेलीच, आणि हे मंडळाला लेखी कळवायला लाजू नकोस.

निकाल विरुद्ध गेला तर उच्च न्यायालयात अपिलाला तीस दिवस असतात. पण त्याआधी तो निकाल स्वतः जाऊन सांग, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. सिस्टरकडे निरोप ठेवून परतायचं नाही. कारणं वाचून दाखव, अपील करायचं का विचार, आणि नको म्हणाला तर तेही लिहून त्याची सही घे.

शनिवारी अकराच्या सुमारास प्राधिकरणाच्या कार्यालयात ये. वकीलपत्राचे कोरे फॉर्म आणि प्रतिनिधी बदलण्याच्या अर्जाचा माझा जुना नमुना काढून ठेवते. येताना वाचायचा एक साधा चष्मा विकत घेऊन बॅगेत टाक, मधल्या नंबरचा चालेल.

तुझी,
ताई