मासळी मिळाली नाही तरी अहवाल का भरायचा?

तुम्ही विचारलंय की व्यावसायिक मासेमारीचा परवाना घेतला की बोटीवर ट्रॅकर बसतो, बंदरात मासळीचं वजनही होतं, मग वर लॉगबुक, म्हणजे प्रत्येक फेरीची नोंदवही, कशाला आणि रिकाम्या फेरीचाही अहवाल का मागतात. लॉगबुकातले आकडे तपासणं हेच माझं काम आहे, म्हणून रिकाम्या फेरीपासूनच सुरुवात करते.

बंदरातल्या वजनावरून मासळी किती आली एवढंच कळतं. ती दोन तासांत मिळाली की दोन दिवस जाळं ओढून, हे कळत नाही. समुद्रातला साठा टिकून आहे की आटतोय याचा अंदाज मात्र ताशी किती मिळाली यावरच बऱ्याच अंशी बांधतात. रिकाम्या फेऱ्या गाळल्या की सरासरी फुगते आणि त्याच फुगलेल्या आकड्यावर पुढचा कोटा, म्हणजे किती मासळी पकडायची याची मर्यादा, ठरू शकतो. शिवाय अहवाल आलाच नाही, तर तुम्ही गेलाच नव्हता, की गेलात पण काही लागलं नाही, की लागलेलं दडवलंत, हे कार्यालयाने ओळखायचं कसं? रकाना कोरा सोडू नका, शून्य लिहा.

ताशी आकडाही एकटा पुरत नाही. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडजवळचा कॉड मासा आठवा. 1980 च्या दशकात ट्रॉलरना मासळी भरपूर लागत होती, म्हणून साठा वाढतोय असं मानलं गेलं. प्रत्यक्षात उरलेला कॉड थोड्या जागेत गोळा झाला होता आणि सुधारलेल्या यंत्रांमुळे बोटी नेमक्या तिथेच पोचत होत्या. जुलै 1992 मध्ये मासेमारी बंद करावी लागली, हजारो लोकांचा रोजगार गेला. ती बंदी उठायला 2024 उजाडलं. जाळं कुठे पडलं हे म्हणूनच विचारतात, आणि ट्रॅकरही त्याचसाठी.

आपल्या हक्काच्या जागा दुसऱ्यांना कळतील, ही तुमची काळजी रास्त आहे. पण परवान्यातला ट्रॅकर बहुतेक ठिकाणी व्हीएमएस, म्हणजे सरकारला बोटीची जागा कळवणारी यंत्रणा, असतो. त्याची माहिती सरकारी नियंत्रण कक्षात जाते आणि सहसा गोपनीय राहते. शेजारच्या बोटीला दिसतं ते एआयएस, म्हणजे बोटीची ओळख आणि जागा आसपासच्या बोटींना सांगणारी यंत्रणा, ते मुळात टक्कर टाळण्यासाठी आहे. जाळ्यात काय आलं हे मात्र दोन्ही सांगू शकत नाहीत, ते तुम्हीच लिहायचं.

लिहायचं ते जाळं वर आल्या आल्या. टाकल्याची आणि ओढल्याची वेळ, जागा, खोली, जाळ्याचा प्रकार, आसाचा (जाळ्याच्या भोकाचा) आकार, मग प्रत्येक जातीचं वजन. बंदर जवळ आल्यावर आठवून भरलेलं पान मला पाहताक्षणी ओळखू येतं: सगळ्या वेळा पूर्ण तासावर आणि सगळी वजनं पन्नासच्या पटीत. समुद्रात परत टाकलेली पिल्लं आणि नको असलेली मासळीही नोंदवा. ती बंदरात कधीच येत नाही, त्यामुळे तुम्ही लिहिली नाहीत तर ती मेल्याचा पत्ताही कुणाला लागत नाही.

अंदाजे वजन काट्यावर तंतोतंत जुळायला हवं असं नाही. युरोपियन युनियनमध्ये प्रत्येक जातीमागे साधारण 10 टक्क्यांचा फरक चालवून घेतात. आणखी एक गोष्ट हमखास चुकते. आतडी काढलेली मासळी बऱ्याचदा जिवंत वजनात बदलून लिहावी लागते. युरोपियन युनियनच्याच तक्त्यात ताज्या कॉडचा गुणक 1.17 आहे, म्हणजे साफ केलेला 100 किलो कॉड 117 किलो धरतात. तुमच्याकडचा तक्ता परवान्यासोबतच मागून घ्या.

ट्रॅकर बंद पडला तर कुणाला कळवायचं, दुरुस्त होईपर्यंत जागा कशी आणि किती तासांनी सांगायची, आणि तसंच पुन्हा समुद्रात जाता येतं का, हेही परवाना हातात घेतानाच लेखी विचारून ठेवा. त्या कागदाची एक प्रत तांडेलाकडे (बोटीच्या प्रमुखाकडे) बोटीवर असू द्या.