घर, मृत्युपत्र आणि म्हातारपण: वाचकांचे प्रश्न, कायद्याची उत्तरं

प्रश्न: बाबा 78 वर्षांचे आहेत. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीतली सदनिका त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे आणि सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. नॉमिनेशन फक्त भावाचं आहे. बाबांच्या मनात मात्र आई, भाऊ आणि मी अशा तिघांनाही द्यायचं आहे. नॉमिनेशन बदललं की पुरे, की मृत्युपत्र करावं लागेल? ते स्टॅम्प पेपरवरच करायचं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: मृत्युपत्र कराच. पुनर्विकासाच्या करारावर सह्या होण्याआधी झालं तर फारच बरं.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. 2019 मध्ये सहकार कायद्यात आलेल्या कलम 154 ब-13 प्रमाणे सभासदाच्या मृत्यूनंतर सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेऊ शकते, पण मालकी ठरते ती मृत्युपत्राने, आणि ते नसेल तर वारसा कायद्याने. बाबांनी काहीच लिहून ठेवलं नाही तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, भाऊ आणि तुम्ही यांना सारखा वाटा मिळेल. (आजी हयात असतील तर त्याही वाटेकरी. ही गोष्ट बहुतेक घरांत कुणाच्या लक्षातच येत नाही.) म्हणजे हक्क तुम्हाला तसाही आहे. पण तो सिद्ध करायला न्यायालयातून वारस दाखला आणायचा, तोवर सोसायटीच्या वहीत एकट्या भावाचं नाव, आणि बिल्डर बोलणार वहीत नाव असलेल्याशी. भांडणाचं मूळ इथेच असतं.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावर, तुम्हाला वाचता येईल त्या भाषेत केलं तरी ते पूर्ण वैध असतं. कायद्याची अट सहीची आणि साक्षीदारांची आहे. बाबांनी सही करायची आणि ती पाहणाऱ्या किमान दोन साक्षीदारांनी बाबांच्या समोर आपापल्या सह्या करायच्या. साक्षीदार बाबांपेक्षा वयाने बरेच लहान असावेत, कारण पुढे वाद झाला तर त्यांच्यापैकी एकाला तरी न्यायालयात येऊन ‘माझ्यासमोर सही झाली’ असं सांगावं लागतं. समवयस्क शेजारी किंवा बाबांचे जुने मित्र भावनेने योग्य वाटतात, पण वीस वर्षांनी ते सापडतीलच असं नाही. ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्यांना आणि त्यांच्या नवरा-बायकोला साक्षीदार करू नका.

सहीच्या दिवशीच नेहमीच्या डॉक्टरांकडून प्रमाणपत्र घ्या. ‘प्रकृती ठीक’ एवढं लिहून भागत नाही. आपण कशावर सही करतो आहोत हे बाबांना कळतं, ते स्थळ-काळ-माणसं ओळखतात, त्यांनी प्रश्नांना नीट उत्तरं दिली, असं त्यात यावं. प्रत्येक पानावर बाबांची सही, शेवटच्या पानावर तारीख, आणि ‘याआधीची सर्व मृत्युपत्रं रद्द’ हे वाक्य असू द्या.

आता मजकुराकडे या, कारण चुका खऱ्या तिथेच होतात. नुसतं ‘माझं राहतं घर’ लिहू नका. इमारतीचं नाव, सदनिकेचा क्रमांक, क्षेत्रफळ, भाग दाखल्याचा (शेअर सर्टिफिकेटचा) क्रमांक आणि त्यावरचे शेअर कितीपासून कितीपर्यंत, हे सगळं दाखला समोर ठेवून उतरवा. तुमच्या बाबतीत पुढचं वाक्य तर हवंच: ‘या सदनिकेच्या बदल्यात पुनर्विकासात मिळणारी सदनिका, वाहनतळाची जागा, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम) आणि थकीत भाडं यांनाही हेच वाटे लागू राहतील.’ हे नसेल आणि इमारत पाडल्यानंतर बाबा गेले, तर ज्या सदनिकेचं मृत्युपत्र आहे ती सदनिकाच अस्तित्वात नाही, असा मुद्दा कुणीतरी काढतं. बँकेतली ठेव, दागिने, शेअर यांपैकी जे सुटून जाईल त्यासाठी ‘उरलेली सर्व मिळकत अमुकाला’ हे कलम ठेवा. व्यवस्थापक (मृत्युपत्र अमलात आणणारा) म्हणून एकाचं नाव घाला, आणि लाभार्थी बाबांच्या आधी गेला तर त्याचा वाटा कुणाला, तेही लिहा.

आईला नुसता ‘आजीव राहण्याचा हक्क’ द्यायचा आणि तिच्यानंतर मुलांना, असं पुष्कळांना वाटतं. इथे शब्द फार जपून वापरावे लागतात. हिंदू वारसा कायद्याच्या कलम 14 मुळे, तो हक्क तिच्या पोटगीपोटी दिला असं दिसलं तर आई पूर्ण मालक ठरू शकते आणि मुलांचा वाटा अडचणीत येतो. आमचं मत असं की आईला सरळ पूर्ण मालकीचा वाटा द्यावा आणि आईनेही आपलं मृत्युपत्र वेगळं करावं. ज्या घरात फ्लॅट दोघांच्या नावावर असतो तिथे तर हे लागतंच. नवरा सगळ्या फ्लॅटचं मृत्युपत्र करून मोकळा होतो आणि बायकोचा वाटा कोऱ्या कागदावर राहतो.

नोंदणी ऐच्छिक आहे, फी नाममात्र. तरी आम्ही नोंदणी करा असंच सांगू, कारण मग कागद हरवत नाही आणि पानं बदलल्याचा आरोप टिकत नाही. पण नोंदवलं म्हणजे मृत्युपत्र आपोआप सिद्ध झालं असं नाही, साक्षीदार तरीही लागतो. बाबांना दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाणं झेपत नसेल तर नोंदणी कायद्यात घरी येऊन नोंद करण्याची तरतूद आहे, त्यासाठी आजारपणाचे कागद जोडून अर्ज करा. ठाण्यात केलेल्या आणि ठाण्यातल्याच मिळकतीबद्दलच्या हिंदू व्यक्तीच्या मृत्युपत्राला प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला) सक्तीचं नाही. मुंबई शहरातल्या मिळकतीला ते 2025 पर्यंत सक्तीचं होतं, तेव्हा तिथे मिळकत असेल तर वकिलांना स्वतंत्र विचारा.

आणि हो, नॉमिनेशनही बदला. तिघांची नावं, प्रत्येकाचा टक्का, अर्जाच्या तीन प्रती, त्यांतली एक सोसायटीच्या पोचेसह परत घ्या. मृत्युपत्र आणि नॉमिनेशन एकाच दिशेने बोलत असली की सचिवालाही अडवायला कारण उरत नाही.

प्रश्न: मी 71 वर्षांचा, पत्नी 68. वाशीतला फ्लॅट माझ्या नावावर आहे. मुलगा म्हणतो, बक्षीसपत्र दोनशे रुपयांत होतं, आत्ताच नावावर करा, नंतरची कटकट नको. मुलगा चांगला आहे. करावं का?
– एक ज्येष्ठ वाचक, वाशी

उत्तर: मुलगा चांगला असला तरी करू नये असंच आमचं स्पष्ट मत आहे.

राहत्या घराचं बक्षीसपत्र मुलगा, मुलगी, पती-पत्नी किंवा नातवंडांच्या नावे केलं तर मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, हे खरं. पण महापालिका हद्दीतला अधिभार बाजारभावावर वेगळा बसतो आणि वाशीच्या दरांत ती रक्कम लहान नसते. त्यात वाशीची जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची, म्हणजे सिडकोची हस्तांतर परवानगी आणि तिचं शुल्क हाही भाग आला.

पैशांपेक्षा मोठा धोका मुलाच्या वागण्यात नाही, नशिबात आहे. बक्षीसपत्र नोंदवल्या क्षणी घर मुलाचं होतं. उद्या त्याने व्यवसायासाठी ते तारण ठेवलं आणि हप्ते थकले, तर बँकेची नोटीस तुमच्या दारावर लागेल. देव न करो, पण मुलगा तुमच्याआधी गेला तर त्याची बायको, मुलं आणि आई हे पहिल्या वर्गाचे, म्हणजे आधी वाटा मिळणारे वारस. वडील त्या वर्गात येतच नाहीत. ज्या घराचे हप्ते तुम्ही फेडले त्यात कायद्याने तुमचा वाटा शून्य! मृत्युपत्र केलंत तर घर शेवटपर्यंत तुमचं, शिवाय मन बदललं तर मृत्युपत्र बदलता येतं. बक्षीसपत्र एकतर्फी मागे घेता येत नाही.

तरीही काही कारणाने करायचंच असेल, तर छापील मसुद्यावर सही करू नका. त्यात ‘नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी’ एवढंच असतं. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 23 असं आहे की सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतर रद्द करून मागता येतं. पण अट होती हे दिसावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये सांगितलं. जानेवारी 2025 च्या निकालात न्यायालयाने ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावला आणि या कायद्याखालचं न्यायाधिकरण ताबाही परत देववू शकतं असं म्हटलं, पण त्या प्रकरणात सांभाळण्याचं लेखी वचन होतं. तेव्हा बक्षीसपत्रातच लिहा: दाता आणि त्याची पत्नी यांना याच घरात आजीव राहू देणं, त्यांचं जेवणखाण, औषधपाणी व शुश्रूषा करणं ही या हस्तांतराची अट आहे, त्यांच्या लेखी संमतीशिवाय घर विकता वा तारण ठेवता येणार नाही, आणि अट मोडल्यास कलम 23 लागू होईल.

प्रश्न: आईला डिमेन्शियाचं निदान झालं आहे. पेन्शन तिच्या एकटीच्या खात्यात जमा होते. मुखत्यारपत्र करून ठेवलं तर पुढे चालेल का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर: इथे गैरसमज फार आहे. आपल्याकडे मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारपत्रही संपतं. नेमकी गरज पडते तेव्हाच ते निकामी होतं. तरीही आजार सुरुवातीचा असेल तर आज बरंच करता येतं. निदान झालं म्हणजे सगळे हक्क गेले असं नव्हे. समज शाबूत असलेल्या वेळी केलेलं मृत्युपत्र कायद्याला चालतं. त्यासाठी न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञाने त्याच दिवशी तपासून, काय विचारलं आणि आईने काय उत्तर दिलं ते लिहून द्यावं.

खात्याबद्दल: आईच्या संमतीने आत्ताच खातं ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीचं करण्याबद्दल पेन्शन देणाऱ्या बँकेशी बोला. मुदत ठेवींवर तुमचं नाव लावा, नॉमिनेशन पाहा (1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात). आई पैसे काढायचं समजते आहे पण सही जमत नाही, अशी वेळ आली तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे अंगठा चालतो. अंगठाही जमत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर केलेली खूण चालते, आणि त्या दोघांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. शाखेत नाही म्हणाले तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. हयातीचा दाखला मोबाइलवर चेहऱ्याच्या ओळखीने होतो. वय 80 च्या पुढे असेल तर तो केंद्राच्या निवृत्तिवेतनासाठी 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो.

आईचं एटीएम कार्ड आणि पिन तुमच्याकडे असणं हा कायदेशीर अधिकार नव्हे. समज पूर्ण गेल्यावर खातं किंवा घर यांचे व्यवहार करायचे तर उच्च न्यायालयात पालक नेमण्यासाठी अर्ज करावा लागतो. त्याला वैद्यकीय कागद, मिळकतीची यादी आणि बाकी भावंडांची संमतीची प्रतिज्ञापत्रं लागतात. खर्चाची प्रत्येक पावती आजपासून जपा. पुढे न्यायालय आणि भावंडं दोघंही ती मागतील.

प्रश्न: आई एकटी खारघरला राहते, मोठा भाऊ दमडी देत नाही. ठाण्यात तक्रार करायची का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: भाऊ ठाण्यात राहत नसेल तर नाही. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे तालुक्यात येतो, खारघर मात्र पनवेल तालुक्यात, रायगड जिल्ह्यात. ज्येष्ठ नागरिकांच्या त्याच 2007 च्या कायद्याखालचा अर्ज पनवेलच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांतांकडे. आईने स्वतः करावा किंवा तुम्हाला लेखी अधिकार द्यावा. आईचं वयाचं व राहण्याचं प्रमाण, भावाचा पत्ता आणि उत्पन्नाचा जो पुरावा हाती असेल तो, आणि आईच्या औषधांची बिलं जोडा. निर्वाहाची मर्यादा महिना 10,000 रुपये आहे. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निर्णय अपेक्षित असतो, अपिलाला 60 दिवस. लक्षात ठेवा, जबाबदारी सगळ्या मुलांची असते. भाऊ तुमचंही नाव पुढे करील, तेव्हा तुम्ही पाठवलेल्या रकमांचे बँक उतारे आधीच लावा. सल्ल्यासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567. आईला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

प्रश्न: मृत्युपत्र बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावं का?
– एक वाचक, घणसोली

उत्तर: लॉकर एकट्याच्या नावावर असेल तर नको. मृत्यूनंतर लॉकर उघडायला बँक कागद मागते आणि तो कागद लॉकरमध्येच असतो. मूळ प्रत व्यवस्थापकाकडे किंवा घरातल्या ठरलेल्या जागी ठेवा, छायाप्रत दुसऱ्या एका माणसाकडे द्या. सोबत एका पानावर खाती, विमा, भाग दाखला, सिडकोचा करार आणि साक्षीदारांचे आजचे फोन क्रमांक लिहून ठेवा, आणि त्यांतला क्रमांक बदलला की पानही बदला.