जुन्या लाकडात झाडाचा डीएनए सापडतो का?

प्रश्न: प्राचीन हाडांमधून डीएनए काढल्याच्या बातम्या नेहमी वाचतो. तसा तो जुन्या लाकडातून निघतो का? कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला ज्या लाकडी कमानी आहेत त्या सुमारे २००० वर्षं जुन्या म्हणतात, मग ते सागवान कुठल्या जंगलातलं हे डीएनएवरून कळेल का?
– एक वाचक, लोणावळा

उत्तर: निघतो, पण काम हाडापेक्षा खूप किचकट आहे. मुळात लाकूड हे झाड जिवंत असतानाच बरंचसं मेलेलं असतं. पाणी वर नेणाऱ्या नळ्या तयार झाल्या की त्यांच्या पेशी मरतात आणि आतलं सगळं रिकामं होतं, थोड्या जिवंत पेशी उरतात त्या सालीखालच्या फिकट भागात, आणि पुढे त्या भागाचा गडद गाभा झाला की त्याही जातात. म्हणजे सुतार टिकाऊ म्हणून जो गाभा निवडतो त्यातला डीएनए कुऱ्हाड पडायच्या आधीच तुटत आलेला असतो, वर त्यात टॅनिनसारखी तुरट द्रव्यं भरलेली, ती डीएनए वाचायला लॅबमध्ये करावी लागणारी रिअ‍ॅक्शनच अडवतात.

तरी जमलंय, आणि झकास जमलंय. २०१८ साली युरोपातल्या ओक या झाडाच्या लाकडावर एक अभ्यास आला, ५५० ते ९८०० वर्षं जुने १६७ नमुने, सगळे पाण्यात-चिखलात बुडून राहिलेले. त्यातल्या १४० नमुन्यांचा डीएनए वाचता आला, अर्थात अशा लाकडात झाडाचा डीएनए थोडासाच आणि बाकी बॅक्टेरिया-बुरशीचा ढीग. जुना डीएनए ओळखायचा कसा, तर तुकडे अगदी छोटे असतात आणि त्यांच्या टोकांना डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसिनच्या जागी थायमिन वाचलं जातं, ही झीज आजच्या झाडाच्या उडून आलेल्या परागकणात दिसत नाही.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढची आहे. त्या संशोधकांनी २१ नमुन्यांमध्ये हरितलवकाचा, म्हणजे झाडाच्या पेशीतल्या हिरव्या भागाचा स्वतःचा डीएनए पाहिला, कारण पेशीत त्याच्या प्रती भरपूर असतात आणि ओकमध्ये तो फक्त आईकडून येतो. नवाश्मयुग, कांस्ययुग आणि मध्ययुग, तिन्ही काळांतल्या लाकडांची मातृवंशावळ त्याच भागातल्या आजच्या ओकशी जुळली! माणसाने एवढी जंगलं तोडली, वापरली, तरी तिथली घराणी टिकून राहिली. हिमयुगानंतर ओक स्पेन, इटली आणि बाल्कनकडून उत्तरेला पसरला, त्यामुळे कुठल्या भागात कुठलं घराणं याचा नकाशा तयार आहे आणि जुनी तुळई साधारण कुठल्या पट्ट्यातली हे सांगता येतं.

आता कार्ल्याचं. खरं सांगायचं तर मला तिथे फारशी आशा वाटत नाही. ते लाकूड दर पावसाळ्यात दमट होतं, उन्हाळ्यात सुकतं, हवा आणि बुरशी कायम लागलेली, आणि डीएनए टिकायला थंडावा, ऑक्सिजन नसलेला चिखल आणि सतत ओल लागते. शिवाय नमुना म्हणजे संरक्षित स्मारकाचा तुकडा कापणं, तो एवढ्या कमी शक्यतेसाठी कापू नये असं माझं स्पष्ट मत आहे. लाकूड सागाचंच का हे सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या रचनेवरून कळतं, वय रेडिओकार्बनवरून.

त्यापेक्षा केरळातल्या पट्टणमला, जुन्या बंदराच्या उत्खननात, चिखलात सापडलेली सुमारे ६ मीटरची होडी किंवा तिथले सागवानी खुंट, तसल्या लाकडाकडे बघावं, उष्ण प्रदेश आहे खरा पण निदान पाण्याखाली राहिलेलं लाकूड आहे. आणि इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके या प्राचीन बंदरात भारतीय सागवान सापडलंय, ते आपल्या सह्याद्रीतलं की मलबारचं, हा प्रश्न तर मला फार खुणावतो. पण त्यासाठी आधी आजच्या सागाचा तसा बारीक नकाशा हवा, आणि केरळात नीलांबूरला १८४०च्या दशकापासून साग लावायला लागले, पुढे अशी लागवड ठिकठिकाणी झाली, त्यामुळे रोपवनं सोडून जुन्या नैसर्गिक जंगलातली झाडंच नमुन्याला घ्यावी लागतील.

आणि हो, विहीर खणताना किंवा खाडीत कधी जुनं ओलं लाकूड लागलं तर उन्हात वाळवू नका, धुऊ पण नका, आहे त्या चिखलात झाकून ठेवा, सालीकडची फिकट बाजू तासू नका आणि पुरातत्त्व खात्याला लगेच कळवा.