पहिला संशय कोणावर?

प्रिय दिग्दर्शिके,

फिल्म पाहिली. लिफ्टचा सीन फार जमलाय. बटणाचा लाल दिवा आणि बंद दाराआडचा मिक्सरचा आवाज, एवढ्यावर तू माणसाला सावरून बसायला लावतेस. कॅमेऱ्याबद्दल भेटल्यावर बोलू. हे पत्र तुझ्या टिपणाबद्दल. कॉलेजने विचारलंय, फिल्ममध्ये कोणते समाजगट कसे दिसतात? तू लिहिलंयस की मुलुंडच्या सोसायटीत तुम्ही सगळ्या धर्मांची, सगळ्या थरांतली माणसं घेतली, आणि मुलगी हरवल्याच्या गोष्टीत शेवटी गुन्हेगार सेक्रेटरी निघतो, म्हणजे साचा मोडला. मला हे पटलं नाही.

१४ मिनिटांतली पहिली १२ तू सलीमच्या भीतीवर चालवतेस. गोवंडीहून फ्रिज दुरुस्त करायला आलेला मुलगा, दाढी, गप्प, हातात पाना. मग शेवटच्या दोन मिनिटांत कळतं की तो निर्दोष आहे. पण तोवर प्रेक्षक घाबरला कशाच्या जोरावर? सलीमने तर काहीच केलेलं नाही. तो फक्त जिन्यात उभा आहे. भीती प्रेक्षकाने घरून आणली आणि तू ती वापरून घेतलीस. नंतर 'बघा, तुम्ही कसे फसलात' म्हणणं म्हणजे त्याच्याच पैशाने त्याला चहा पाजणं. आणि खरं सांगू, घरी जाताना लोकांच्या डोक्यात तो जिना राहतो, खुलासा नाही.

आता साउंड. सलीमच्या गल्लीच्या शॉटखाली तू अजान लावलीस. मागे भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा वाजलेत आणि बाहेर ऊन आहे. त्या वेळी अजान होत नाही. पहाटे फजरची, मग थेट दुपारी जोहरची. म्हणजे हा आवाज तुला त्या गल्लीत मिळालेला नाही, तो लायब्ररीतून काढून बसवलाय, आणि तोही नेमका तणाव चढतो तिथे. सेक्रेटरीच्या घरात सकाळी देवघरातली घंटा वाजते, तिच्याखाली मात्र सतार. ही निवड कुणी केली हे एडिट करणाऱ्याला विचार. तो वाईट मुलगा नाही, पण हात आपोआप कुठल्या फाइलकडे जातो ते बघण्यासारखं असतं.

संशय वागण्यातून उभा करता येतो. हिचकॉकचा १९२७ चा 'द लॉजर' बघ, मूकपट आहे. लंडनमध्ये खून होताहेत आणि एका घरात नवा भाडेकरू येतो. तो खोलीतली सोनेरी केसांच्या बायकांची चित्रं काढून टाकायला सांगतो, वरच्या मजल्यावर येरझाऱ्या घालतो, आणि खालच्यांना छतातून त्याची पावलं दिसतात, कारण हिचकॉकने तिथे काचेचा तळ वापरला. तोही शेवटी निर्दोष निघतो, पण आपण संशय घेतला तो त्याने जे केलं त्यावर. मुंबईत पेइंग गेस्टवर असली गोष्ट आजही करता येईल.

इन्स्पेक्टरच्या तोंडचं 'हे पारधी लोकांचं काम दिसतंय' हे वाक्य काढ. पोलीस असंच बोलतात, हे तुझं उत्तर मला माहीत आहे. बोलतातही. पण इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, म्हणून आपण त्यांना विमुक्त म्हणतो. तुझ्या फिल्ममध्ये त्या वाक्याला कुणी अडवत नाही, पुढे त्याचा संबंधही येत नाही. नुसतं वास्तव वाटावं म्हणून ठेवलंय, आणि तिथेच ते खरं ठरतं.

डिसोझा अंकलबद्दल थोडकंच. दारू आणि मोडकी हिंदी सोडून त्याला काहीच दिलेलं नाहीस. तुझ्याच टिपणात तो वांद्र्याच्या चुईम गावातला ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचा मूळचा ख्रिस्ती आहे. मग त्याच्या घरात मराठीच बोलली जाणार, त्यांच्या ढंगाची. त्या समाजाने १८८७ मध्ये हे नाव घेतलं, पण इथे ते कितीतरी पिढ्या आधीपासून आहेत. त्याला आपल्या बोलीत एक वाक्य बोलू दे, सोसायटीतली निम्मी माणसं चमकतील. घरकाम करणाऱ्या मावशींना नाव नाही, हे तुला श्रेयनामावली टाइप करतानाच खटकायला हवं होतं. हरवलेल्या मुलीला दोन संवाद आणि पाच क्लोजअप, यावर वेगळं भांडू.

सगळ्यात जास्त मला सेक्रेटरी खटकला. त्याचा गुन्हा उघड होताच तू त्याला लहानपण देतेस: कडक बाप, बंद खोली, रडणारा मुलगा. सलीमच्या वाट्याला चेहरा आला, आणि आपल्यातल्या माणसाच्या वाट्याला मन. खलनायक बदलला, पण कुणाचं आतलं जग दाखवायचं याचा हिशेब तोच राहिला. आणि कास्टिंग बघ ना. वर्गातला सावळा, मोठ्या हाडापेराचा, विदर्भातून आलेला मुलगा सलीम झाला. तो स्वतः फार हसरा आहे. ऑडिशनमध्ये त्याला सेक्रेटरीचा संवाद वाचायला दिला होतास का?

टिपणात 'सर्वांना स्थान दिले' हे वाक्य नको. कुणाला आडनाव आहे, कोण स्वतःच्या घरात दिसतो, कुणाच्या एन्ट्रीला कुठला आवाज आहे, एवढं सरळ लिहून काढ. जिथे लाज वाटेल तिथेही लिही, मार्क त्यालाच मिळतात.

साउंडचे ट्रॅक वेगळे ठेवले असतील तर अजान काढणं तासाभराचं काम आहे. सलीमला जिन्यात काहीतरी करू दे: फोनवर गिऱ्हाइकाशी घासाघीस, चुकलेला मजला, काहीही. फ्लॅशबॅक ठेवायचा की उडवायचा यावर माझं मत अजून पक्कं नाही. शुक्रवारच्या आत दोन्ही कट पाठव.

तुझा,
सर