लेखनकट्टा : आधी घराचा नकाशा, मग लेखन

प्रश्न : गावातल्या वाचनालयात दर शनिवारी दुपारी बायकांसाठी लेखनवर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी चौदा जणी आल्या. 'माझे बालपण' हा विषय दिला, तर बहुतेकींनी चार ओळींचा शाळकरी निबंध लिहिला. पुढच्या शनिवारी पाचच उरल्या. त्यातल्या दोघींना लिहिता येत नाही. काय चुकलं? (एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा)

उत्तर : विषय फार मोठा होता. 'बालपण' म्हटलं की 'माझा जन्म एका खेड्यात झाला' हेच वाक्य हाताशी येतं. त्याऐवजी कोरा कागद द्या आणि लहानपणी राहत होतात त्या घराचा नकाशा काढायला सांगा. चूल, मोरी, रांजण, गोठा, उंबरा, सगळं दाखवायचं. चित्र वेडंवाकडं आलं तरी चालेल. दहा मिनिटं पुरतात. मग एका जागेवर फुली मारायची आणि तिथलं काहीतरी शेजारणीला तीन मिनिटं सांगायचं. नंतर तिचं ऐकायचं. लेखन त्यानंतर, बारा मिनिटं.

हे बोलणं वगळू नका. कुणी म्हणते, 'मोरीत पितळेचा हंडा होता, पोचा पडलेला.' शेजारीण लगेच विचारते, 'कशानं पडला?' या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच तिची गोष्ट. कागदावर येण्याआधी ती एकदा तोंडातून गेलेली असते, त्यामुळे पहिल्या वाक्यापाशी अडत नाही.

लिहून झाल्यावर प्रत्येकीला वाचायला पाच मिनिटं द्या. दहापेक्षा जास्त जणी असतील तर वाचनासाठी दोन गट करा. लिहिलं आणि कुणी ऐकलंच नाही, ती बाई पुन्हा येत नाही. सतरंजीवर गोल बसा. खुर्च्यांच्या रांगा लावल्या की शाळा भरते.

लिहिता न येणाऱ्यांना लेखनिक द्या. जात्यावरच्या ओव्या रचणाऱ्या कित्येक जणींना अक्षरओळख नव्हती, हे वर्गात मोठ्यानं सांगा. लेखनिकाला नियम एकच : 'व्हतं' म्हटलं तर 'व्हतं'च लिहायचं, शेवटी वाचून दाखवायचं आणि 'असंच म्हणालात ना?' विचारायचं. गटात निवृत्त शिक्षिका असतील आणि दुसऱ्या बाईच्या वहीत ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करू लागल्या, तर लेखनिकाचं काम त्यांनाच द्या. लाल पेन मात्र वर्गात नको. वर्ग ओस पडायला तेवढं पुरतं.

प्रश्न : वाचता वाचता एक ताई रडू लागल्या. सगळ्याच गप्प झाल्या. काय करायला हवं होतं?

उत्तर : पाणी द्या आणि हळूच विचारा, 'ताई, थांबायचं की पुढं वाचायचं?' निर्णय त्यांचा. बाकीच्या लगेच 'सोसायलाच लागतं गं' म्हणून समजूत काढू लागतात, त्यांना तिथंच थांबवा. सांगणारीला ते तोंड बंद करायला सांगितल्यासारखं लागतं. वर्ग संपल्यावर त्यांच्याजवळ एकटं बसा.

पहिल्याच दिवशी ठरवून घ्या : पान दुमडलं की ते कुणी वाचायला मागायचं नाही. वह्या ज्याच्या त्याच्या घरी. वाचनाचे फोटो, रेकॉर्डिंग व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत. दिवाळीला पुस्तिका काढायची असेल तर प्रत्येक लेखासाठी वेगळी परवानगी घ्या आणि छापण्याआधी अंतिम मजकूर लिहिणारीला वाचून दाखवा. गाव लहान असलं की नाव बदलूनही सासू कोण, दीर कोण हे कळतं. अशा लेखातले गावाचे, नात्याचे, धंद्याचे तपशील तिच्यासोबत बसून बदला. तरीही तिला धाकधूक वाटत असेल तर तो लेख वहीतच राहू द्या.