टेरिस मेजरची नर्व्ह ॲक्सिलरीतून निघाली तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उजव्या काखेच्या डिसेक्शनमध्ये टेरिस मेजर या खांद्यामागच्या स्नायूला जाणारी फांदी पोस्टेरिअर कॉर्डमधून (हाताच्या नर्व्हच्या जाळ्याचा, म्हणजे ब्रेकियल प्लेक्ससचा, मागचा दोर) न निघता त्याच कॉर्डच्या फांदीतून, म्हणजे ॲक्सिलरी नर्व्हमधून, निघालेली दिसली. पुस्तकातलं चित्र वेगळं आहे. मग आपण भलतीच नर्व्ह धरली का, आणि खांदा निखळलेला पैलवान ओपीडीत आला तर याने काही फरक पडतो का?

चुकला नसाल, असंच वाटतं. टेरिस मेजरला जाणारी नर्व्ह म्हणजे लोअर सबस्कॅप्युलर; ती ॲक्सिलरीतून निघणं हा खांद्याभोवती वारंवार भेटणारा बदल आहे. फक्त नाव देण्याआधी ती फांदी दोन्ही टोकांपर्यंत शोधा. मोटर (स्नायू हलवणाऱ्या) नर्व्हचं नाव ठरवताना ती कुठून निघाली यापेक्षा कुठे पोचली हे आधी पाहायचं. सबस्कॅप्युलॅरिसच्या (खांद्याच्या फऱ्याच्या पुढच्या बाजूचा स्नायू) खालच्या भागाला आणि टेरिस मेजरला पोचली, तर ती लोअर सबस्कॅप्युलरच, उगम कुठूनही असो. लॅटिसिमस डॉर्सायला (पाठीचा रुंद स्नायू) गेली तर थोरॅकोडॉर्सल. तीही कधी कधी ॲक्सिलरीतून येते, म्हणून मधेच थांबून नाव देऊ नका.

शोधायचा क्रम असा. हात 90 अंश बाहेर घ्या, छातीचे पेक्टोरॅलिस मेजर आणि मायनर उलटून ठेवा, ॲक्सिलरी व्हेन बाजूला करा. मग ॲक्सिलरी आर्टरी आणि तिच्या आजूबाजूच्या लॅटरल व मीडियल कॉर्ड अलगद उचलून धरा. मागे पोस्टेरिअर कॉर्ड दिसेल. आधी नक्की ओळखता येणाऱ्या तीन खुणा पक्क्या करा: सबस्कॅप्युलॅरिसच्या खालच्या कडेवरून पोस्टेरिअर सर्कमफ्लेक्स ह्यूमरल आर्टरीबरोबर मागे, क्वाड्रँग्युलर स्पेसमध्ये (खांद्यामागे स्नायू आणि हाड यांमधली चौकोनी फट) शिरणारी ॲक्सिलरी; आर्टरीच्या मागून खाली दंडाकडे जाणारी जाड रेडियल; आणि थोरॅकोडॉर्सल आर्टरीच्या सोबतीने लॅटिसिमसकडे उतरणारी थोरॅकोडॉर्सल. ही तीन हाती आली की उरलेल्या फांद्यांचा गोंधळ आपोआप कमी होतो.

खरी गफलत होते ती पुढे. दोन नर्व्ह बरंच अंतर एकाच आवरणात शेजारी शेजारी धावतात. फोरसेप्सने ओढत गेलात तर आवरण सोलून निघतं आणि ॲक्सिलरीतून आलेली फांदी थेट कॉर्डमधून निघाल्यासारखी दिसू लागते. म्हणजे ‘पुस्तकातलं’ चित्र तुम्हीच तयार करता! उलट आवरण अजिबात साफ केलं नाही, तर कॉर्डमधून स्वतंत्र निघालेली फांदीही ॲक्सिलरीची वाटते. म्हणून स्नायूकडून वर, उगमाकडे, बोथट टोकाने फॅशिया (आवरणाचा पडदा) उलगडत या आणि जिथे तंतू खरोखर मिसळतात तिथे थांबा. फांदी बारीक असेल तर ती आर्टरी नाही ना हे बोटांत फिरवून पाहा: नर्व्ह पांढरी आणि भरीव लागते, आर्टरी दाबली की चपटी होते. शंका आली म्हणून कापू नका, कापल्यावर पुरावाच जातो. फांदीचा उगम कोराकॉइड प्रोसेसपासून (फऱ्याच्या हाडाचं पुढे आलेलं टोक) किती मिलिमीटरवर आहे ते लिहा, पट्टी ठेवून फोटो काढा, डावी बाजूही तपासा. दोन्ही बाजू सारख्या असतीलच असं नाही.

असं का होतं, तेही पाहा. हाताच्या कळीत स्नायूंचे दोन थर असतात, पुढचा आणि मागचा. प्लेक्ससच्या मागच्या फांद्या, म्हणजे पोस्टेरिअर डिव्हिजन, मागच्या थराला जातात. सबस्कॅप्युलॅरिस, टेरिस मेजर, लॅटिसिमस, डेल्टॉइड (खांद्यावरचा गोल स्नायू), टेरिस मायनर हे सगळे त्याच थरातले. C5, C6 या मानेतल्या नर्व्हच्या मुळांचे तंतू आपल्या स्नायूपर्यंत पोचतात, पण कोणत्या खोडातून किती अंतर एकत्र जायचं हे माणसागणिक बदलतं. म्हणून मुळं पाठ करणं नर्व्हचा उगम पाठ करण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं. प्लेक्सस प्रीफिक्स्ड असेल, म्हणजे C4 चा वाटा मोठा असेल, तर मुळंही एका पायरीने वर सरकल्यासारखी वागतात. व्हायव्हामध्ये (तोंडी परीक्षेत) आधी नेहमीची मांडणी सांगा, मग बदल.

आता पैलवानाचा भाग. पैलवानाचा खांदा बहुधा पुढे निखळतो. ॲक्सिलरी नर्व्ह ह्यूमरसच्या डोक्यावरून ताणली जाते. डेल्टॉइड आणि टेरिस मायनर जातात हे सगळ्यांना माहीत आहे. पण लोअर सबस्कॅप्युलर ॲक्सिलरीतून निघत असेल आणि इजा त्या उगमाच्या वर असेल, तर टेरिस मेजरही कमजोर होतो. तेव्हा ‘पोस्टेरिअर कॉर्ड गेली’ असा शेरा मारण्याचा मोह होतो. तो टाळायला मनगट आणि कोपर सरळ करण्याची ताकद पाहा, त्या रेडियलच्या. लॅटिसिमसही पाहा: काखेची मागची घडी धरून खोकायला सांगा, आकुंचन हाताला लागतं. हे तिन्ही शाबूत असतील तर कॉर्ड वाचलेली असण्याची शक्यता मोठी. इजा क्वाड्रँग्युलर स्पेसमध्ये असेल तर उगम कुठूनही असला तरी टेरिस मेजर वाचतो, कारण ही फांदी त्याआधीच निघून गेलेली असते. इन्फ्रास्पायनेटस (फऱ्यामागचा स्नायू) आणि बायसेप्सही पडले असतील तर अप्पर ट्रंककडे (प्लेक्ससचं वरचं खोड) किंवा मुळांकडे बघा.

तालमीतून काही जण आधी हाडवैद्याकडे जातात आणि खांदा ओढून बसवल्यावर आपल्याकडे येतात. म्हणून कोल्हापुरात हे जोर देऊन सांगावंसं वाटतं: खांदा बसवण्याआधी आणि नंतरही दंडाच्या बाहेरच्या बाजूची संवेदना, मनगटाची हालचाल आणि रेडियल पल्स वेळेसह लिहून ठेवा. संवेदना शाबूत म्हणजे मोटर शाबूत, असं मुळीच नाही. कोपर अंगालगत ठेवून पुढे, बाहेर आणि मागे रेटायला सांगा व डेल्टॉइडचे तिन्ही भाग हाताने चाचपा. हात वर जातो एवढ्यावर विसंबू नका, एकटा सुप्रास्पायनेटसही (फऱ्याच्या वरच्या भागातला स्नायू) हात उचलून दाखवतो.

इएमजी (सुईने स्नायूंची विद्युत तपासणी) पहिल्याच आठवड्यात घाईने करू नका. स्नायूची नर्व्ह तुटल्याच्या खुणा सुईला दिसायला साधारण तीन आठवडे लागतात. करायला सांगताना डेल्टॉइड, टेरिस मेजर, लॅटिसिमस, ट्रायसेप्स आणि इन्फ्रास्पायनेटस, पाचही स्नायू नावानिशी लिहा, नुसतं ‘खांद्याची इएमजी’ नको. तीन महिन्यांत डेल्टॉइडची काहीच हालचाल परतली नाही तर नर्व्ह सर्जनकडे पाठवा. सहा महिन्यांनंतर दुरुस्तीचा फायदा कमी होत जातो.